तोच काता परत परत कशासाठी? (पारंपरिक कराटे, कोल्हापूर)

पहाटवारा

क्लास सुटल्यावर दारात चपला शोधता शोधता पालक एक प्रश्न हमखास विचारतात. त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा धागा. प्रश्न असा: "आमचा मुलगा कधीपासून तेच तेच करतोय. पलीकडच्या क्लासमध्ये त्याच्याबरोबरच्या पोरांना दोन-दोन बेल्ट मिळाले. इथं पुढचं कधी शिकवणार?"

मी शिवाजी पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळच्या बॅचला सरांना मदत करते. स्वतःही शिकतेच आहे. आमची शैली शोतोकान.

आधी हेयान शोदानबद्दल बोलू, कारण 'तेच तेच' म्हणजे बहुतेक वेळा हाच काता असतो. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचालींची मालिका. २१ हालचाली. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, एक पाऊल पुढे जाऊन पंच, उलटं फिरून पुन्हा ब्लॉक. मग मधल्या रेषेवरून सरळ पुढे जात तीन वरचे ब्लॉक, तिसऱ्याला किआई, म्हणजे पोटातून काढलेली आरोळी. परत येताना तीन पंच, आणि शेवटी उघड्या हाताचे चार ब्लॉक. चलाख मुलाला हे पाठ व्हायला आठवडा पुरतो. मग आई-वडिलांना वाटतं, आलं की! आता पुढचं द्या.

पण या कात्याची आखणी अशी आहे की जिथून सुरू केला तिथेच तो संपला पाहिजे. आमच्या हॉलला शहाबादी फरशी आहे. सर नव्या मुलाला फरशीच्या सांध्यावर उभं करतात, पायाचे अंगठे रेघेला लावून, आणि म्हणतात, "कर." मधे एक शब्द बोलत नाहीत. काता संपला की एवढंच म्हणतात, "खाली बघ." मुलगा खाली बघतो, तर रेघ हातभर मागे राहिलेली असते. जाताना जोशात पावलं लांब पडली, परत येताना दम लागला म्हणून आखूड पडली. कधी तो शेजारच्या फरशीवर गेलेला असतो, म्हणजे एखादं वळण तिरकं झालं. नेमकं कुठे बिघडलं हे शोधून काढायचं काम त्याचं. सर सांगत नाहीत. मीही सांगायचं नाही असा मला दम भरलेला आहे.

माझ्या मते पारंपरिक कराटेतलं माणूस घडवणं ते हेच. आपली चूक दुसऱ्यानं दाखवायच्या आत आपल्याला दिसणं. मुलांच्या आयुष्यात चूक दाखवणाऱ्यांची कमी नसते. शाळेत बाई आहेत, घरी आई आहे, मैदानात पंच आहेत. त्यामुळे चूक म्हणजे ओरडा खाणं, असंच त्यांच्या डोक्यात बसतं आणि ती लपवायची सवय लागते. फरशीच्या रेघेपाशी लपवण्यासारखं काही उरत नाही, आणि ओरडणारंही कुणी नसतं. असं महिनोन्महिने स्वतःच्या पायांकडे बघायला शिकलेलं पोर पुढे गणिताच्या वहीकडे आणि मित्राशी झालेल्या भांडणाकडेही तसंच बघायला लागतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इतक्या ठामपणे लिहितेय.

हे काते मुळात शाळेतल्या मुलांसाठीच बेतलेले आहेत, हेही फार जणांना माहीत नसतं. ओकिनावात आंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमाराला शाळेत कराटे आणलं. जुने काते मुलांना जड जात होते, म्हणून त्यांनी पिनान नावाचे पाच काते बांधले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी पुढे त्यांनाच हेयान म्हटलं. फुनाकोशी स्वतः शाळामास्तर, आणि लहानपणी तोळामासा प्रकृतीचे. त्यांचे दुसरे गुरू आंको आसातो. रात्री गुरूंच्या अंगणात जायचं आणि एकच काता करत राहायचं. गुरू ओसरीवर बसून बघायचे आणि बहुतेक वेळा 'पुन्हा' एवढंच म्हणायचे, असं फुनाकोशींनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. तेक्कीचे तीन काते शिकण्यात त्यांची दहा वर्षं गेली.

त्या अंगणात बेल्ट नव्हता. दान म्हणजे ब्लॅक बेल्टपासूनची श्रेणी, ती देण्याची पद्धत जिगोरो कानो यांनी ज्युदोत सुरू केली. ती फुनाकोशींनी कराटेत घेतली आणि १९२४ साली पहिल्यांदा काही शिष्यांना दान दिला. म्हणजे दहा वर्षं तीन काते घोटणाऱ्या त्या तरुणाच्या कमरेला कुठलाच रंग नव्हता.

क्लास संपताना आम्ही गुडघ्यांवर बसून पाच नियम म्हणतो. चारित्र्य पूर्णत्वाला नेण्यासाठी झटा, सचोटी सोडू नका, चिकाटी वाढवा, दुसऱ्याचा मान राखा, उसळत्या रक्ताला आवर घाला. लहान मुलं पाढे म्हणावेत तशी म्हणून टाकतात. म्हणू देत. पाचवा नियम कळायला वयात यावं लागतं, तोवर तो तोंडात तरी असतो.

ज्यांनी कुठल्याही शैलीत कराटे केलंय, ज्यांची मुलं जातात, ज्यांना हे अजिबात पटत नाही, सगळ्यांनी लिहा.

तांबडी माती

ताई, लई मनापासनं लिवलंय. मी कराटे केलं न्हाई, पण मंगळवार पेठेत तालमीत वाढलोय, त्यामुळं तुमच्या सरांचं वागणं मला अगदी वळखीचं वाटलं.

आमच्यात नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला डाव दावत न्हाईत. आधी हातात फावडं. हौदा उकरायचा, ढेकळं फोडायची, माती खालवर करायची. त्यात ताक, तेल, हळद, लिंबू पडतंय, ते सगळं एकजीव करायचं. मग जोर, बैठका, सपाट्या. मारुतीच्या पाया पडल्याबिगर हौद्यात पाय ठेवायचा न्हाई. निम्मी पोरं याच्यातच कट्टाळून जात्यात. राहिलेल्यातल्या एखाद्याला कवातरी वस्ताद हाक मारत्यात, "ये, ढाक डाव बघ." त्या दिवशी पोरगं घरी जाऊन जेवत न्हाई, एवढं हरखलेलं असतंय.

आता एक विचारतो, टोचून न्हवं, खरंच जाणून घ्यायचंय. आमच्यात निकाल मातीत लागतोय. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत हजारो डोळ्यांसमोर पाठ टेकली की टेकली, तिथं कुणाचा शब्द चालत न्हाई. तुमच्यात हवेत मारायचं आणि समोरच्याला लागायच्या आत थांबायचं. मग आपल्याला येतंय का न्हाई हे कळतंय कशावरनं?

कळंबा रोड

वाचतोय. तांबडी माती यांचा प्रश्न माझाही आहे.

पहाटवारा

आण्णा, प्रश्न अगदी रास्त आहे. नुसते काते करून 'मला येतं' असं वाटून घेणारी माणसं आमच्यात आहेत, हे मी मान्य करते. त्यावर जुन्या लोकांनी दोन उपाय करून ठेवलेत.

एक म्हणजे माकिवारा. जमिनीत रोवलेली लवचिक फळी, वरच्या टोकाला दोरी गुंडाळलेली. आमच्या हॉलमागे सरांनी सागाची फळी रोवलीय, वर सुंभ बांधलंय. त्यावर पंच मारला की खोटेपणा लगेच उघडा पडतो. मनगट जरा वाकडं असेल तर मुडपतं. टाच उचललेली असेल तर फळी आपल्यालाच मागे ढकलते. मुठीची पहिली दोन हाडं लागली पाहिजेत. करंगळीकडची लागली तर दोन दिवस पेन धरता येत नाही. मुलांना आम्ही यावर मारू देत नाही, हाडं कोवळी असतात. मोठ्यांनी मात्र टाळू नये.

दुसरा उपाय म्हणजे जोडीदार. सुरुवातीच्या कुमितेत, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या लढतीत, हल्ला करणारा आधी सांगतो की तोंडावर मारणार. सांगून मारायचं, पण मनापासून मारायचं. समोरच्यानं ब्लॉक केला नाही तर पूर्ण वेगानं निघालेली मूठ नाकाच्या दोन बोटं अलीकडे थांबली पाहिजे. बाहेरून बघणाऱ्याला हे लुटुपुटूचं वाटतं. करून बघा. ज्याची कंबर आणि श्वास ताब्यात नाही, त्याची मूठ एकतर वीतभर आधीच थांबते नाहीतर नाकावर बसते. थांबलेली मूठ सांगते की मारणारा अजून शुद्धीवर आहे.

फुनाकोशींची एक गोष्ट यावरच आहे. तरुणपणी ते सासुरवाडीला निघाले होते, हातात पूर्वजांना नैवेद्य दाखवायची मिठाई होती. अंधारात दोघांनी अडवलं. त्यांनी भांडण केलं नाही, मिठाई देऊन टाकली आणि वाट धरली. पुढे गुरूंना कळलं तेव्हा इतोसूंनी त्यांचं कौतुक केलं. एकेका कात्यासाठी वर्षं घेणारे हे गुरू, त्यांनी कौतुक केलं ते हात न उचलल्याचं. फुनाकोशींच्या वीस सूत्रांत 'कराटेत पहिला वार नसतो' असं सूत्र आहे, आणि आमचे बहुतेक सगळे काते ब्लॉकनेच सुरू होतात.

राजारामपुरीकर

मी पालकांच्या बाजूनं लिहिते. तुम्ही म्हणता ते सगळं छान आहे, पण आम्हाला बाहेरून काय दिसतं ते ऐका.

माझी मुलगी आधी ज्या क्लासला जायची (नाव लिहीत नाही), तिथे दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा असायची. परीक्षेची फी वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे, फोटोचेही वेगळे. एवढं सगळं मी भरलं, कारण पोरीचा हुरूप टिकावा. त्या परीक्षेत कुणी नापास झालेलं मी बघितलं नाही. एका परीक्षेनंतर ती गाडीवर मागे गप्प बसून होती. दसरा चौकात सिग्नलला म्हणाली, "आई, मी मधे विसरले होते. थांबले होते. तरी मला पास केलं." घरी आल्यावर तिनं नवा बेल्ट बांधून दाखवला नाही, कपाटात ठेवून दिला. मोठ्यांना वाटतं मुलांना फक्त बक्षीस हवं असतं. पण आपल्याला खोटं बक्षीस दिलंय हे तिला कळलं होतं, आणि ते तिला सहन झालं नाही.

महिन्याभरानं ती कराटे नको म्हणाली. आता पुन्हा जायचं म्हणतेय. चांगला क्लास ओळखायचा कसा, हे कुणीतरी नीट सांगा. सगळ्यांच्या बोर्डावर मुठीचं चित्र आणि जपानी अक्षरं असतात.

सूतगिरणी

इचलकरंजीहून. मी गोजू-र्‍यू शैलीचा. धागा आवडला, पण कराटे म्हणजे शोतोकान एवढंच नाही, म्हणून थोडी भर.

आमची परंपरा ओकिनावातल्याच नाहा शहराकडची. कानर्‍यो हिगाओन्ना यांनी चीनमध्ये फूझौला जाऊन शिकून आणलं, त्यांचे शिष्य चोजून मियागी (१८८८–१९५३) यांनी गोजू-र्‍यू नावारूपाला आणली. आमच्या सगळ्याच्या मुळाशी सानचिन हा काता. त्यात लाथ नाही, उडी नाही. पाय आत वळवून उभं राहायचं, सगळं अंग आवळायचं आणि सावकाश श्वासाबरोबर पाऊल टाकायचं. शिकवणारा भोवती फिरत खांद्यावर, पाठीवर, मांडीवर थापटून बघतो की कुठे ढिलं पडलंय. बघायला आलेल्या माणसाला पाच मिनिटांत कंटाळा येतो. करणाऱ्याला घाम फुटतो.

तांबडी माती यांना खास सांगावंसं वाटतं. आमच्याकडे चि-इशी नावाचं साधन आहे, लाकडी दांड्याच्या टोकाला दगड. तो एका हातानं डोक्यामागून फिरवायचा. तालमीत मुद्गल फिरवणाऱ्याला हे हातात दिलं तर तो न शिकवता फिरवेल. निगिरी-गामे म्हणजे वाळू भरलेले घडे, ते काठाला नुसत्या बोटांनी धरून चालायचं. ओकिनावा आणि कोल्हापूर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण खांदा आणि पंजा कसा तयार करायचा यावर दोघंही एकाच ठिकाणी पोचले. आपल्याकडे मर्दानी खेळात पट्टा फिरवणाऱ्यांची मनगटं बघा, तेच दिसेल.

सायबर चौक

मी स्पर्धा खेळतो, त्यामुळे आमची बाजूही येऊ दे. पारंपरिकवाले खेळाडूंकडे जरा खालच्या नजरेनं बघतात. 'ते पॉइंटसाठी उड्या मारतात' असं म्हणतात.

टोकियो ऑलिंपिक (२०२० चं, झालं २०२१ मध्ये) मी प्रत्येक बाउट बघितलंय. तिथे पुरुषांच्या कात्यात र्‍यो कियुनाला गोल्ड मिळालं, तो ओकिनावाचाच. पोडियमवर तो वारलेल्या आईचा फोटो हातात धरून उभा होता. त्याचा काता बघून कुणी म्हणून दाखवावं की खेळात परंपरा राहिली नाही.

त्याच स्पर्धेतली दुसरी मॅच तर या धाग्यासाठीच झाल्यासारखी आहे. पुरुषांची ७५ किलोवरची कुमिते फायनल. सौदीचा तारेग हामेदी ४-१ नं पुढे होता. त्यानं डोक्याकडे किक मारली आणि इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. गोल्ड कुणाला? गंजजादेहला. ताबा न ठेवता मारलं म्हणून हामेदी बाद. दुसऱ्या कुठल्या खेळात स्ट्रेचरवर गेलेला माणूस चॅम्पियन होतो? पाचवा नियम पॉइंटच्या पाटीवर लिहिलेला मी त्या दिवशी पाहिला. हामेदी रडला, मलाही वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

पॅरिसला २०२४ मध्ये कराटे नव्हतंच, याचं दुःख मात्र आहे. आमच्या पिढीनं त्याच्यावर डोळे लावले होते.

थेट बोलतो

सगळे कौतुक करताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. 'शिस्त', 'गुरू', 'पुन्हा कर', 'प्रश्न विचारू नको' यातून माणूस घडतो की फक्त आज्ञाधारक होतो? १९३० च्या दशकात जपानमधल्या युद्धकला लष्करी शिस्तीच्या दावणीला बांधल्या गेल्या, कराटेही त्यातून सुटलं नाही. चारित्र्याची वाक्यं म्हणणारी माणसंच पुढे हुकूम आला की काहीही करतात, असं इतिहासात दिसतं.

आणि लांबचं कशाला? लहानपणी मी ज्या क्लासला होतो तिथे सर बांबूच्या काठीनं पायावर मारायचे. स्टान्स (गुडघे वाकवून उभं राहायची ढब) खाली गेला नाही की फटका. पालकांना सांगितलं तर म्हणायचे, सर तुझ्या भल्यासाठीच मारतात. मी तिथे खाली बसायला शिकलो, आणि भीतीपोटी खोटं बोलायलाही. यात व्यक्तिमत्त्व विकास कुठे होता?

पाटी पेन्सिल

थेट बोलतो, तुमचं वाचून वाईट वाटलं. असं व्हायला नको होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे मुलींसाठी स्वसंरक्षणाची चार-आठ दिवसांची शिबिरं होतात. मनगट सोडवायचं कसं, गुडघा कुठे मारायचा, एवढं शिकवून ट्रॅकसूटवाले निघून जातात. मुली आठवड्यात विसरतात. पण एका वर्षी एक कराटेची ताई वर्षभर येत राहिली, आणि तिनं सुरुवात वेगळ्याच ठिकाणाहून केली. आवाजापासून.

तिनं मुलींना रांगेत उभं केलं आणि म्हणाली, पोटातून ओरडा. एकीच्याही तोंडातून आवाज फुटेना. काही हसल्या, काहींनी ओढणी तोंडावर घेतली. आठवीतल्या मुली, मधल्या सुट्टीत शाळा डोक्यावर घेणाऱ्या, पण 'ओरडा' म्हटल्यावर गळा बंद. लहानपणापासून 'हळू बोल' हेच ऐकलेलं. ती चिडली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पंच असा, श्वास असा, आणि शेवटी आवाज. एक मुलगी होती, वर्गात हजेरी देतानाही तिचं 'हजर' मला ऐकू यायचं नाही. तिचा पहिला किआई आला तेव्हा शेजारच्या वर्गातले गुरुजी काय झालं म्हणून दारात आले.

त्या मुलीला पुढे बेल्ट मिळाला का, मला माहीत नाही. हजेरीला मात्र ती ऐकू येऊ लागली.

पहाटवारा

पाटी पेन्सिल, तुमच्या पोस्टबद्दल मनापासून आभार. किआईबद्दल मी लिहायला हवं होतं, पण तुम्ही लिहिलंत तसं मला जमलं नसतं.

थेट बोलतो, तुमच्याशी मी वाद घालणार नाही, कारण तुम्ही सांगितलंत ते खरं आहे आणि आजही होतं. भीतीनं खाली गेलेला स्टान्स सरांची पाठ वळली की वर येतो. म्हणजे कराटे म्हणूनही तो फुकट गेला. आज्ञाधारकपणा म्हणजे चारित्र्य नव्हे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. जपानी विद्यापीठांतल्या क्लबांमध्ये सीनियरांनी ज्युनियरांना छळण्याच्या कहाण्या भरपूर आहेत, आणि तीच पद्धत 'परंपरा' म्हणून आपल्याकडेही आली. मला विचाराल तर परंपरेतलं ते टाकून द्यायचं. फुनाकोशींच्याच सूत्रांत आधी स्वतःला ओळखा, मग दुसऱ्याला, असं आहे. हे विद्यार्थ्याला लागू आहे, आणि त्याच्या दुप्पट शिकवणाऱ्याला.

प्रश्न विचारण्याबद्दल आमच्या हॉलमधलं सांगते. पंच मारताना दुसरा हात कमरेशी ओढून घ्यायचा असतो, त्याला हिकिते म्हणतात. सगळे करतात. एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, तो हात मागे का? पुढे असला तर तोंड झाकता येईल की!" मोठ्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. सरांनी तिला पुढे बोलावलं, स्वतःची बाही तिच्या मुठीत दिली आणि म्हणाले, "आता हात कमरेशी ओढ." सर एक पाऊल पुढे ओढले गेले, आणि तिची दुसरी मूठ आपोआप त्यांच्या बरगडीला लागली. "कळलं? तो हात रिकामा नसतो. काहीतरी धरून आणत असतो." त्या दिवसापासून सगळ्या बॅचचा हिकिते सुधारला, कारण एकीनं विचारलं होतं. कात्यातली प्रत्येक हालचाल अशी उघडून दाखवता आली पाहिजे. जो शिकवणारा 'असंच असतं' म्हणतो, त्याला एकतर माहीत नाही किंवा सांगायचं नाही.

राजारामपुरीकर ताई, आता तुमचं. मुलीला बेल्ट कपाटात ठेवावासा वाटला, यावरून मला वाटतं तिला कुठेही घाला, ती चांगलीच होणार. क्लास निवडताना आधी न सांगता जाऊन मागे बसा, एक तास पूर्ण बघा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. शिकवणाऱ्याकडे बघू नका, तो पाहुण्यांसमोर चांगलाच वागेल. सगळ्यात मोठी मुलं सगळ्यात लहान मुलाशी कशी वागतात ते बघा. कुमितेत कुणाला लागलं, तर मारणारा काय करतो? थांबून वाकतो, विचारतो, की हसतो? हे नियम भिंतीवर लावून येत नाही, तिथे रोज जे चालतं त्यातून येतं. मग सरळ विचारा, मागच्या परीक्षेत किती जण नापास झाले आणि त्यांचं पुढे काय झालं. नापास झालेलं मूल अजून क्लासला येत असेल, तर तो क्लास चांगला. पैशाचा हिशोब पहिल्याच दिवशी लेखी मागा. मागायला लाजू नका, ब्लॅक बेल्टपर्यंत किती खर्च येईल हा पालकांचा हक्काचा प्रश्न आहे. आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची 'गॅरंटी' कुणी देत असेल, तर पुढे बोलणंच नको.

अजून एक, हे वेडेपणाचं वाटेल. फरशी कोण पुसतं ते बघा. आमच्याकडे क्लासच्या आधी ओलं फडकं घेऊन सगळे पुसतात, सरसुद्धा. ज्या जमिनीवर अनवाणी उभं राहायचं ती आपण पुसायची. लहान मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, त्यांच्या शर्यती लागतात.

सायबर चौक, खेळाडूंना कमी लेखणं मलाही पटत नाही. जपान कराटे असोसिएशनची (जेकेए) पहिली अखिल जपान स्पर्धा १९५७ साली झाली, फुनाकोशी गेले त्याच वर्षी. त्यांना मुक्त लढतींची स्पर्धा पसंत नव्हती हे खरं, पण म्हणून आज खेळणाऱ्याचा घाम खोटा ठरत नाही. माझा आग्रह एवढाच की खेळ तिशीला सुटतो, काता सुटू नये.

राजारामपुरीकर

हे प्रिंट काढून पर्समध्ये ठेवते. शनिवारी दोन ठिकाणी जाऊन मागे बसणार आहे.

तांबडी माती

बाही ओढायची गोष्ट एक नंबर. आमच्यात पण वस्ताद डाव तोंडानं सांगत न्हाईत, अंगाला लावून दावत्यात. आणि थेट बोलतो दादा, तालमीत पण काठीवाले वस्ताद होते. पोरं त्यांचं नाव काढत न्हाईत. नाव काढत्यात ते पोराच्या खुराकाला पैसं न्हाईत म्हणल्यावर स्वतःच्या घरनं दूध पाठवणाऱ्यांचं.

ताई, तुमची पोरं घेऊन एकदा तालमीत या. हौदा बघू द्या, माती हातात घेऊ द्या. सूतगिरणीवाल्यांनी त्यो दगडाचा दांडा आणावा, आमची पोरं फिरवून दावतील.

सूतगिरणी

आणतो. रविवार सोडून कधीही सांगा, रविवारी आमची बॅच मोठी असते.

थेट बोलतो

पहाटवारा, उत्तर सरळ दिलंत, बरं वाटलं. काठीनं शिकवणाऱ्याला कराटे येत नाही असं तुम्ही थेट म्हणाला असतात तर आणखी बरं वाटलं असतं.

पहाटवारा

म्हणते. येत नाही.

कळंबा रोड

सगळं वाचून धाडस करून विचारतो. वय ५४, बँकेतून लवकर निवृत्त. कधी केलेलं नाही. डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. या वयात सुरू करणं शहाणपणाचं आहे का, की फक्त मुलांना सोडायला येऊ?

सायबर चौक

काका, टोकियोत महिलांच्या कात्यात गोल्ड घेणारी सांद्रा सांचेझ ३९ वर्षांची होती. तुमची ऑलिंपिकची गाडी चुकली, पण क्लासची नाही :)

पहाटवारा

काका, नक्की या. कराटे आयुष्यभराचं असतं, असंही एक सूत्र आहेच. १९४५ च्या हवाई हल्ल्यात फुनाकोशींचा डोजो (सरावाचा हॉल) जळाला तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते, आणि त्यानंतरही शिकवत राहिले.

गुडघ्याचं मात्र आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते काय म्हणतात ते सरांना पहिल्याच दिवशी सांगा. लपवू नका. तुमच्यासाठी झेनकुत्सु-दाचीचं (पुढचा गुडघा वाकवून उभं राहायच्या स्टान्सचं) पाऊल आखूड ठेवू, खोल बसायचा हट्ट नको. पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला राहिला पाहिजे, आत कलला की दुखणं ठरलेलं. किबा-दाचीत (घोड्यावर बसल्यासारखं उभं राहण्यात) तर हे जास्तच सांभाळायचं. वळताना तळवा फरशीला चिकटून राहिला आणि गुडघा फिरला, तर पीळ थेट गुडघ्यात जातो. आधी वजन हलवायचं, मग पाऊल, मग कंबर. सुरुवातीचे काही आठवडे आपण नुसतं उभं राहणं आणि चालणं करू. गुडघ्यांवर बसता येत नसेल तर मांडी घालून बसा, कुणी काही म्हणत नाही.

हॉल सकाळी सहाला उघडतो. कराटे ड्रेस लगेच घेऊ नका, साधी सुती पॅन्ट आणि टी-शर्ट चालेल. फडकी तिथे आहेत.